पाय अडले कुठे?

31 मे 2020 रोजी महाराष्ट्र सरकारने 'मिशन बिगिन अगेन' नावाचा आदेश काढला. पनवेलसह सगळा मुंबई महानगर परिसर तेव्हा सवादोन महिने घरात कोंडलेला होता. त्यातलं एक कलम वर्तमानपत्रांनी ठळक छापलं: 3 जूनपासून पहाटे पाच ते संध्याकाळी सात या वेळात मोकळ्या जागी चालायला, धावायला, सायकल चालवायला हरकत नाही. मात्र लांब जायचं नाही आणि घोळका करायचा नाही. सायकल जरूर चालवा, तिच्यावर बसलं की अंतर आपोआप राखलं जातं, असंही सरकारने सुचवलं होतं.

3 जून उजाडला आणि त्याच दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, रोहा या भागांत पत्रे उडाले, कौलं फुटली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले. कागदावर ज्या दिवशी व्यायामाला मोकळीक मिळाली, त्या दिवसापासून रायगडच्या माणसाने भरपूर अंग मोडलं. वाटेतली झाडं तोडून बाजूला ओढली, पावसाच्या आत घर शाकारलं. वीज नाही म्हणजे पंप नाही, म्हणून पाणी डोक्यावरून आणलं. याला कुणी व्यायाम म्हटलं नाही. पण डॉक्टर ज्याला 'शारीरिक हालचाल' म्हणतात तिच्या व्याख्येत हे सगळं चोख बसतं.

महामारीत प्रौढ माणसांची हालचाल कशाने टिकली आणि कशाने अडली, हे शोधायचं तर शहरातल्या बंद जिमपासून सुरुवात करणं मला पटत नाही. पेण तालुक्यातल्या गडबसारख्या गावापासून केलेली बरी. गडब मुंबई-गोवा महामार्गावर, वडखळ आणि नागोठण्याच्या मध्ये. शेजारी डोलवीचा पोलादाचा कारखाना. एका अंगाला धरमतरच्या खाडीचा खारेपाट, बांध आणि भातखाचरं, दुसऱ्या अंगाला रूळ आणि त्यापलीकडे डोंगर. गावात जिम किती जणांनी पाहिली असेल ते सोडा. पण शेत, कारखाना, रस्ता, रेल्वे आणि घर या सगळ्यांमुळे माणसं कशी हलतात आणि कशी बसतात, ते इथे एकाच ठिकाणी दिसतं.

भारतात मोठ्या माणसांची हालचाल मोजणारी एक मोठी पाहणी महामारीच्या आधीच झाली होती. आयसीएमआर-इंडियाब या नावाने ती ओळखली जाते. तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड इथल्या वीस वर्षांवरच्या 14,227 जणांची माहिती तिने गोळा केली आणि 2014 मध्ये निष्कर्ष छापले. निम्म्याहून जास्त, म्हणजे 54.4 टक्के लोक अपुरी हालचाल करणारे निघाले. शहरात हे प्रमाण 65 टक्के, खेड्यात 50. खेड्यातले निम्मे लोकही पुरेसे हलत नाहीत, हे वाचून पुष्कळांना धक्का बसला. मला त्यातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो: मोकळ्या वेळात, हौसेने म्हणून व्यायाम किंवा खेळ करणारे दहा टक्केसुद्धा नव्हते. आपल्याकडे माणूस हलतो तो कामासाठी, कुठे तरी पोचण्यासाठी किंवा घरच्या रगाड्यात. व्यायाम म्हणून हलणारे मूठभर.

म्हणूनच महामारीत 'जिम बंद, बागा बंद' यावर जेवढी शाई खर्च झाली, तेवढ्याने नव्वद टक्क्यांची गोष्ट सांगून होत नाही. त्यांची हालचाल अडली ती दुसऱ्याच ठिकाणी.

गडबसारख्या गावातलं एक घर कल्पनेने उभं करू. साठी ओलांडलेले बाबा, दोन-अडीच एकर खारजमीन कसणारे. मुलगा तळोज्याच्या एका कंपनीत. सून घरी, बचत गटात. सासूबाईंचे गुडघे धरलेले, आणि साखर सापडलेली.

आधी मुलगा. त्याला विचारलं तर म्हणेल, 'मी कसला चालतो?' पण टाळेबंदीआधी घरातून निघून हमरस्ता गाठायचा, तिथून मिनिडोर किंवा एसटी धरायची, नाहीतर कासू स्थानक गाठून दिव्याची गाडी पकडायची. पनवेलला उतरायचं, पूल चढायचा-उतरायचा, कंपनीत या शेडमधून त्या शेडमध्ये जायचं. संध्याकाळी सगळं उलटं. या चालण्याची त्याला स्वतःलाच जाणीव नव्हती, त्यामुळे ते गेलं तेही कळलं नाही. 22 मार्च 2020 ला प्रवासी गाड्या थांबल्या, पाठोपाठ एसटी थांबली. एसटी एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पुन्हा जाऊ लागली ती 20 ऑगस्टला. पाच महिने घरात. टीव्हीवर 28 मार्चपासून सकाळ-संध्याकाळ नऊला 'रामायण' पुन्हा सुरू झालं होतं, हातात स्वस्त डेटा होता. अंग जड झालं, पँट आवळू लागली, तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं.

पावलांचा हा हिशेब जगभर मोबाइलमधल्या पाऊलमापकांनी टिपला. 187 देशांतल्या साडेचार लाखांवर लोकांची माहिती एका अमेरिकी गटाने तपासली. 11 मार्च 2020 ला जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर केल्यापासून दहा दिवसांत सरासरी पावलं साडेपाच टक्क्यांनी घटली आणि तीस दिवसांत 27 टक्क्यांनी, म्हणजे माणशी रोज चौदाशेच्या आसपास पावलं कमी. कडक टाळेबंदीच्या इटलीत घट जवळपास निम्म्यावर गेली, तर सैल धोरणाच्या स्वीडनमध्ये ती सात टक्क्यांच्या आत राहिली. रोगाची भीती दोन्हीकडे होती, पण पाय थांबले ते मुख्यतः नियमाने. अर्थात, लावणीला चिखलात उतरलेली बाई मोबाइल कमरेला खोचून उतरत नाही. असल्या पाहण्यांत ती नसतेच.

चौदाशे पावलं म्हणजे फार काय, असं वाटेल. पण शरीर याबाबतीत भलतंच हिशेबी आहे. डेन्मार्कमध्ये महामारीच्या दहा वर्षं आधी एक प्रयोग झाला होता. रोज दहा हजारांच्या वर चालणाऱ्या निरोगी तरुणांना दोन आठवडे तेराशे-चौदाशे पावलांवर आणून ठेवलं. एवढ्यातच इन्सुलिनला दाद देण्याची शरीराची क्षमता 17 टक्क्यांनी घसरली, पायांचं स्नायूमांस जवळपास तीन टक्के झडलं, दमसास सात टक्क्यांनी उतरला. हे विशी-पंचविशीचे गडी. सासूबाईंसारख्या साठीतल्या, साखर असलेल्या बाईचं पाच महिने ओसरीवर बसून काय होत असेल, याचा अंदाज करता येतो.

आता बाबा. त्यांच्या हालचालीला टाळेबंदीने फारसा हात लावला नाही. एप्रिल-मे म्हणजे राब भाजायचे, बांधबंदिस्ती करायचे दिवस. शेतीच्या कामांना केंद्राच्या आदेशातच सूट होती. पण सूट नसती तरी चाललं नसतं, कारण उधाणाला टाळेबंदी कळत नाही. खारेपाटात बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, खांड गेली की खारं पाणी आत शिरतं आणि जमीन पुढची काही वर्षं हातची जाते. म्हणून माणसं घमेली-फावडी घेऊन बांधावर जातातच. ही कामं पूर्वी जोळ करून, म्हणजे सगळ्या खातेदारांनी मिळून, करण्याची रीत होती. जुलैत लावणी आली. भल्या पहाटे राबातून रोपं उपटायची, मुठी बांधायच्या, डोक्यावरून खाचरापर्यंत न्यायच्या, मग घोटाभर चिखलात दिवसभर वाकून तीन-चार काड्या चिमटीत धरून रोवत मागे मागे सरायचं. पाऊल उचलताना चिखल ते धरून ठेवतो, त्यामुळे एकेका पावलाला पोटरी आणि मांडी दोन्ही कामाला लागतात. पाठीवर इरल्याच्या जागी आता प्लास्टिकचा कागद, आणि त्या वर्षी तोंडावर ओढणी नाहीतर पदर. महामारीतल्या सगळ्यात कडक निर्बंधांच्या काळात खारेपाटातले शेकडो संसार अशी मेहनत करत होते. त्यासाठी त्यांना कुणी प्रोत्साहन दिलं नव्हतं, की ॲपवर आव्हानं टाकली नव्हती.

कारण सरळ आहे. ती हालचाल पोटाशी बांधलेली होती, ऋतूशी बांधलेली होती आणि ती एकट्याची नव्हती. बांधलेली हालचाल टिकते. इच्छेवर सोडलेली हालचाल पहिल्या धक्क्याला सुटते. हे मी महामारीबद्दल म्हणतो आहे, पण एरवीही फारसं वेगळं नसतं.

मात्र यातून 'शेतकऱ्याला व्यायामाची गरजच नाही' असा सोपा निष्कर्ष काढण्याची घाई नको. कामावरच्या मेहनतीने हृदयाला तो फायदा होत नाही जो मोकळ्या वेळातल्या चालण्या-धावण्याने होतो, असं गेल्या काही वर्षांतल्या संशोधनात, विशेषतः डेन्मार्कमधल्या आंद्रेआस होल्टरमान यांच्या कामात, पुन्हा पुन्हा दिसलं आहे. तासन् तास ओझं, तासन् तास वाकणं, मध्ये विसावा नाही, वेग आपल्या हातात नाही. अशा श्रमाने शरीर घडण्याऐवजी झिजतं. लावणीनंतर कंबर धरून बसणाऱ्या बाईला हे सांगायला डेन्मार्कहून कुणी यायला नको.

याचं सगळ्यात विदारक रूप गडबसमोरूनच गेलं. टाळेबंदी लागली तशी मुंबई-ठाण्यात अडकलेली कोकणातली माणसं महामार्गाने आणि रुळांवरून पायी गावाकडे निघाली. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, रत्नागिरी-सिंधुदुर्गापर्यंत. निव्वळ पावलं मोजली तर त्या आठवड्यात राज्यातले सर्वात 'सक्रिय' प्रौढ तेच. असली मोजदाद किती आंधळी असते ते यातून कळतं. पावलं तीच, पण भुकेल्या पोटी, मुक्कामाचा ठावठिकाणा नसताना टाकलेली.

सुनेकडे वळू. तिचं काम टाळेबंदीत वाढलं, यावर गावात दुमत होणार नाही. सगळे घरात, म्हणजे चहाच्या फेऱ्या वाढल्या, भाकऱ्या वाढल्या, भांडी वाढली. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुवायची, पोरांना मोबाइलवर शाळेला बसवायचं. महामारीच्या आदल्याच वर्षी, 2019 मध्ये, केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या बाया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात आणि करणारे पुरुष 97. मग सुनेला वेगळं चालायची काय गरज?

इथे नीट पाहावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने 25 नोव्हेंबर 2020 ला, महामारीच्या ऐन मध्यात, नवी मार्गदर्शक तत्त्वं आणली. प्रौढांनी आठवड्यात 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटं जोमाची हालचाल करावी, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताण द्यावा. सलग दहा मिनिटं तरी चाललं पाहिजे ही जुनी अट काढून टाकली. दोन-दोन मिनिटांची हालचालही जमेस धरायची. मध्यम म्हणजे काय याची साधी खूण अशी, की बोलता येतं पण गाता येत नाही. या खुणेवर घरकाम लावून पाहा. विहिरीचं पाणी ओढणं, गोधड्या धुणं, अंगण सारवणं यात श्वास वाढतो. पण विळीवर बसून भाजी चिरणं, चुलीपुढे किंवा ओट्यापुढे तासभर उभं राहणं, कपड्यांच्या घड्या घालणं यात दमणूक होते, श्वास वाढत नाही. बाई संध्याकाळी थकलेली असते आणि तरीही तिच्या हृदयाला हवा तो व्यायाम झालेला नसतो. वर 'दिवसभर राबते की, अजून काय चालायचं' हे ऐकावं लागतं ते वेगळंच.

आणि समजा तिने ठरवलंच चालायचं. कुठे जाणार? महामार्गाला धड पदपथ नाही. 2011 पासून रखडलेल्या रुंदीकरणाची धूळ आणि ट्रेलरची रांग. टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यांत देशभरचे महामार्ग ओस पडले होते, म्हणजे चालायला रस्ता मोकळा होता. पण तेव्हा बाहेर पडायची बंदी. 24 मार्चच्या केंद्राच्या आदेशात दूध, औषध, रेशन यांना वाट होती, चालायला जाणाऱ्याला नव्हती. ब्रिटनने त्याच आठवड्यात लोकांना दिवसातून एकदा व्यायामासाठी बाहेर पडायची मुभा दिली. फ्रान्समध्ये स्वतः भरलेला दाखला खिशात ठेवून घरापासून एक किलोमीटरच्या आत तासभर फिरता येई. आपल्याकडे एप्रिलमध्ये पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्यांना पोलिसांनी रस्त्यातच कवायती करायला लावल्या. ती दृश्यं पाहून लोक हसले; पण 'चालायला जाणं' हा गुन्हा किंवा निदान चैन आहे, हा समज त्यातून पक्का झाला. कायदा मोडायची धिटाई पुरुष एकवेळ दाखवतो. सुनेला सासूची, शेजारणीची, नाक्यावरच्या पोरांची अशा तीन परवानग्या आधीच लागतात. त्यात पोलिसांची चौथी.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्राने याच्या नेमकं उलट वागून पाहिलं होतं. 1896 ला मुंबईत प्लेग आला आणि मग पसरत गेला. उंदीर पडू लागले की माणसं घराला कुलूप लावून गावाबाहेर रानात झोपड्या घालत. रोग घरात आहे, म्हणून बाहेर चला, हे तेव्हाचं शहाणपण. 2020 मध्ये रोग माणसात आहे म्हणून आत चला, असं ठरलं. गर्दी मोडण्यापुरतं ते बरोबर होतं. पण जुलै 2020 मध्ये 239 शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून हा विषाणू बंद हवेत तरंगत पसरतो याकडे लक्ष वेधलं. त्यानंतर उघड्या बांधावर एकट्याने चालणाऱ्याला अडवण्यात तथ्य उरलं नव्हतं. एकाच खोलीत सहा माणसं खिडक्या लावून बसण्यापेक्षा ते कितीतरी सुरक्षित. तरी 2021 च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली तेव्हा पहिला हात पुन्हा मैदानांवर आणि बागांवरच पडला.

न हलण्याची किंमत तोवर कळू लागली होती. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या 48,440 कोविड रुग्णांच्या नोंदी 2021 मध्ये प्रसिद्ध झाल्या. आजाराआधीच्या दोन वर्षांत सतत निष्क्रिय असलेल्यांना, नियमित हालचाल करणाऱ्यांच्या तुलनेत, रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचा धोका दुपटीहून जास्त आणि मृत्यूचा जवळपास अडीचपट दिसला. अशा अभ्यासातून कार्यकारण शंभर टक्के सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करण्याइतका हा फरक लहान नाही.

सोबतीचं काय झालं, हे आगरी पट्ट्यात सांगायला नको. इथे तरुण अंग घडवतं ते कबड्डीसाठी. गावोगावची मंडळं, संध्याकाळचा सराव, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रात्री दिव्यांखाली रंगणारे सामने. 2020 च्या होळ्या मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पेटल्या आणि त्यानंतर मैदानं गप्प झाली. अंगाला अंग भिडल्याशिवाय कबड्डी होत नाही; सुरक्षित अंतर ठेवून खेळता येणारा तो खेळच नव्हे. व्यावसायिक लीगने डिसेंबर 2021 पासून बंगळूरच्या एकाच सभागृहात, प्रेक्षकांविना, खेळाडूंना कोंडून हंगाम उरकला. गावाच्या मंडळाला अशी सोय कोण करून देणार? ज्यांची कबड्डी तिशीत सुटायचीच होती, त्यांची दोन वर्षं आधी सुटली आणि बहुतेकांची कायमची. गौरी-गणपतीत बायकांना वर्षातून एकदा मिळणारी मोकळीकही तशीच गेली. त्या रात्री फेर धरून, फुगड्या घालून तास-दोन तास घाम निघतो, आणि त्याला कुणी नावं ठेवत नाही. 2020 च्या गणपतीत मूर्तीची उंचीसुद्धा सरकारने ठरवून दिली, सार्वजनिक चार फूट, घरची दोन. तिथे फेर कुठला.

मग पुन्हा चालायला लागलं कोण? 15 सप्टेंबर 2020 ला 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली. एका पथकाने दिवसाला पन्नास घरं करायची, प्रत्येकाचा ताप आणि ऑक्सिजन पाहायचा. ते पथक म्हणजे बहुतेक ठिकाणी आशाताई. डोंगराकडच्या वाड्यांवर पन्नास घरं म्हणजे किती चढ-उतार, हे चढून पाहिल्याशिवाय कळत नाही. आशाताईचं हे चालणं कुणाच्या डोळ्यावर आलं नाही, कारण तिच्या हातात ऑक्सिमीटर आणि वही होती. बाईला बाहेर पडायला कारण मिळालं, तेही सरकारी, की बाकीच्या परवानग्या गळून पडतात.

2021 च्या एप्रिलमध्ये राज्याच्या आरोग्य खात्याने आणखी एक गोष्ट घरोघर पोचवली: सहा मिनिटं चालून पाहण्याची चाचणी. बोटाला ऑक्सिमीटर लावून घरातल्या सपाट जमिनीवर सहा मिनिटं चालायचं. साठीच्या पुढच्यांनी तीन मिनिटं केलं तरी चाले. पातळी 93 च्या खाली गेली किंवा तीन टक्क्यांहून जास्त उतरली तर दवाखाना गाठायचा. ओटी ते पडवी, पडवी ते ओटी अशा फेऱ्या मग वडीलधारेही मारू लागले. आजारातून उठल्यावर मात्र हेच लोक महिनोन् महिने अंथरुणाला खिळून राहिले, कारण 'आराम करा' एवढंच त्यांना सांगितलं गेलं. लक्षणं जाऊन आठवडा लोटला की रोज थोडं थोडं वाढवत चाला, दम लागला की थांबा, छातीत दुखलं तर डॉक्टरकडे या, हे पुढचं वाक्य फार कमी जणांपर्यंत गेलं.

1 एप्रिल 2022 ला राज्यातले निर्बंध उठले. 2024 मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अंदाजानुसार 2022 साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेसे हलत नव्हते. बायकांत हे प्रमाण 57 टक्क्यांच्या आसपास, पुरुषांत 42. गाड्या सुरू झाल्या, तळोज्याच्या मुलाची पावलं आपसूक परत आली. बाबांची गेलीच नव्हती. राहिल्या दोघी, सासू आणि सून. त्यांच्यासाठी बंद झालेलं असं काही नव्हतं, त्यामुळे उघडलंही काही नाही.

त्यांना हवी आहे एक सपाट वाट, ट्रेलरपासून लांब. दिवा असेल तर उत्तम. दोन-चार जणींची सोबत हवी, आणि घरातून निघताना सांगायला एक कारण. खारेपाटात वाटेची वाण नाही, बांध आहेत. सोबत बचत गटाच्या रूपाने आयती आहे. गटाच्या सभेला जायला कुणी आडकाठी करत नाही, कारण तिथे पैशाचा हिशेब असतो. तीच सभा चटईवर बसून न घेता बांधावरून चालत घेतली, तर कारणाचाही प्रश्न मिटतो. सह्यांची वही तेवढी कुणीतरी हातात धरून चालावी लागेल.